'फ्री पीडीएफ'साठी मोबाईल नंबर का मागतात? लीड फॉर्मचं गणित आणि नवा डेटा कायदा

इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसते : 'डिजिटल मार्केटिंगची फ्री पीडीएफ'. लिंक उघडली की एक छोटंसं पान येतं. मेनू नाही, दुसरी लिंक नाही, फक्त मोठं शीर्षक, चार रकाने आणि एक रंगीत बटण. नाव, नंबर, ईमेल, शहर भरलं की पीडीएफ मिळते आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. या पानाला म्हणतात 'लीड कॅप्चर पेज'. लीड म्हणजे पुढे ग्राहक होऊ शकेल अशा माणसाचा संपर्क.

आता या विषयावर बोलायचं कारण म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. तो २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी नियमांत १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. माझ्या मते या कायद्याचा तुम्हाआम्हाला सगळ्यात जास्त जाणवणारा परिणाम याच छोट्या फॉर्मवर होणार आहे.

इतकी माहिती कशाला?

रकाने वाढले की फॉर्म अर्धवट सोडणारे वाढतात, हे पान बनवणाऱ्याला पक्कं माहीत असतं. तरीही नंबर मागतात, कारण ईमेल न उघडता पडून राहतो, फोन मात्र वाजतो. त्यात अनेकदा पान एकाचं आणि माल दुसऱ्याचा असतो. मधल्या माणसाला प्रत्येक लीडमागे पैसे मिळतात. वस्तू विकली गेली की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून तो तुमचा होकार पटकन कसा निघेल ते बघतो.

तिथूनच युक्त्या येतात. 'फक्त ५ मिनिटं शिल्लक' म्हणणारा टायमर पान रिफ्रेश केलं की पुन्हा पाचवर येतो. 'नाही' म्हणायचं तर बटणावर लिहिलेलं असतं 'नको, मला प्रगती करायची नाही'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ 'डार्क पॅटर्न'ची यादी काढली. त्यात खोटी घाई आणि लाजवून होकार घेणं, दोन्ही आहेत.

सबमिट न दाबताही?

बऱ्याच जणांना वाटतं, बटण दाबलं नाही म्हणजे माहिती गेली नाही. तसं नसतं. पानावरची स्क्रिप्ट तुम्ही टाइप करत असतानाच अक्षरं वाचू शकते. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी एक लाख लोकप्रिय वेबसाइट तपासल्या. युरोपातून उघडल्यावर १,८४४ साइट सबमिट करण्याआधीच ईमेल ट्रॅकरकडे पाठवत होत्या. अमेरिकेतून उघडल्यावर हाच आकडा २,९५० झाला. त्यामुळे विचार करायचा तो रकाना भरण्याआधी.

नवा कायदा काय म्हणतो?

- संमती मोकळेपणाने, विशिष्ट कामासाठी आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. आधीच टिक केलेला चौकोन चालणार नाही.
- कामापुरतीच माहिती मागायची. पीडीएफ ईमेलवर पाठवायची असेल तर जन्मतारीख कशाला?
- माहिती कशासाठी घेतोय ते सोप्या भाषेत सांगायचं. ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत वाचायचा पर्याय द्यायचा. त्यात मराठी आहे आणि कोकणीही.
- संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं हवं.
- १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी. दहावी-बारावीच्या मुलांचे नंबर गोळा करणाऱ्या पानांना हा मुद्दा जड जाणार.

माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

तुमचं स्वतःचं पान असेल तर

तुमच्यापैकी कितीतरी जण केक, दागिने, हुडी ऑनलाइन विकताय. कायदा तुमच्याही फॉर्मला लागू होतो, पण घाबरू नका. चांगलं पान आणि कायदेशीर पान यांत मला फारसा फरक दिसत नाही. एका पानावर एकच गोष्ट द्या. शीर्षकात नेमकं काय मिळणार ते लिहा. रकाने दोनच ठेवा. नंबरच्या रकान्याला 'टेल' हा इनपुट प्रकार द्या, म्हणजे मोबाईलवर थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडेल. बटणावर 'सबमिट' ऐवजी 'दरपत्रक पाठवा' असं लिहा. व्हॉट्सॲपवर ऑफर पाठवायच्या असतील तर त्यासाठी वेगळा, रिकामा चौकोन ठेवा. बटणाखाली एक ओळ टाका : 'नंबर फक्त ऑर्डरसाठी वापरू, नको असल्यास "बंद" असं कळवा.' आणि कुणी 'बंद' म्हटलं की खरंच बंद करा.

लीड थोड्या कमी येतील, हे खरं आहे. पण ज्या येतील त्यांना तुमचा फोन अपेक्षित असेल. शंभर जण फोन कापण्यापेक्षा वीस जणांनी बोललेलं परवडतं.

आज काय करायचं?

नको असलेले प्रमोशनल कॉल थांबवायला १९०९ वर डीएनडी सुरू करा. पण कंपनीला तुम्हीच संमती दिली असेल तर तिचे कॉल डीएनडीनंतरही येऊ शकतात. फॉर्मखालची ती बारीक ओळ म्हणूनच महत्त्वाची. पुढच्या वेळी फ्री पीडीएफ दिसली की आधी तीच वाचा. आणि विचारा, या फाइलची किंमत म्हणून माझा नंबर द्यायची खरंच तयारी आहे का?