यंत्र नवे, कान जुनेच

‘ग्रामसभेसाठी नवे रेकॉर्डिंग यंत्र घेतले. आता शब्द न् शब्द टिपला जाणार. कारभार पारदर्शक झाला!’ असे सांगणारे सरपंच अलीकडे पुष्कळ भेटतात. गेली अनेक वर्षे मी गावोगावच्या बायकांबरोबर ग्रामसभांना बसते आहे. माझा या मंडळींना एकच प्रश्न आहे : शब्द न् शब्द, पण कुणाचा?

आमच्या तालुक्यातल्या एका गावात असे यंत्र आले. ते कुठे ठेवले? सरपंच, उपसरपंच बसतात त्या टेबलावर. बायका नेहमीप्रमाणे मागे, दाराशी, सतरंजीच्या कडेला. वस्तीतल्या नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येते, हे चार बायकांनी उभे राहून सांगितले. पुढे इतिवृत्त पाहिले तर त्यात पाण्याची ओळसुद्धा नाही. जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले, “रेकॉर्डिंग ऐका ना, त्यात असं काही नाहीच.” आम्ही ऐकले. टेबलावरची भाषणे स्वच्छ, चहाच्या कपांचा किणकिणाटही स्वच्छ. बायका बोलल्या तिथे मात्र पंख्याची घरघर, आणि मध्येच एक ठणठणीत पुरुषी आवाज : “बरं बरं, बसा आता!”

पूर्वी निदान ‘वहीत खोटं लिहिलंय’ असे भांडता तरी येत होते. आता यंत्रच साक्षीला उभे राहते, आणि यंत्र कधी खोटे बोलते का?

यंत्र खोटे बोलत नाही, हे खरेच. पण ते जवळच्याचेच ऐकते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की माइकपर्यंत पोचणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो. दोन फुटांवरचा सरपंच आणि सोळा फुटांवरची बाई सारख्याच आवाजात बोलली, तरी तिचा आवाज आठपट क्षीण पोचतो. सभागृहात भिंती आणि पत्रा आवाज परतवतात, त्यामुळे तो थोडा अधिक पोचतो खरा, पण घुमून, शब्द एकमेकांत मिसळून. मागाहून आवाज वाढवावा म्हटले, तर पंख्याची घरघरही तेवढीच वाढते. शिवाय बरेच माइक समोरचे नीट ऐकतात आणि पाठीमागचे टाळतात. तेव्हा माइकचे तोंड कुणाकडे करायचे, हा निर्णय तांत्रिक नाही. तो सत्तेचा आहे.

१९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. खुर्ची मिळाली, पण वही मिळाली नाही. ठराव मागाहून कुणाच्या तरी ओसरीवर लिहायचा आणि सह्या-अंगठे घरोघर फिरून गोळा करायचे, हा प्रकार आपल्यापैकी कितीजणींनी पाहिला आहे! त्या वहीची जागा आता यंत्र घेते आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सभासार’ नावाची व्यवस्था आणली. सभेचे ध्वनिमुद्रण तिच्यात घातले की कृत्रिम बुद्धिमत्ता इतिवृत्ताचा मसुदा करून देते. सोय चांगली आहे. पण जे ध्वनिमुद्रणात ऐकूच येत नाही, त्याचे सार कुठून निघणार? मागे बसलेली बाई आता कुणी न खोडताच इतिवृत्तातून गळेल.

म्हणून यंत्र नको, असे मी मुळीच म्हणत नाही. उलट यंत्र आपल्याला हवेच आहे. सरपंचबाई खुर्चीत गप्प आणि सभा चालवतो नवरा, हे ‘सरपंचपती’ प्रकरण ध्वनिमुद्रणात पकडता येते. ते ध्वनिमुद्रण मागताही येते : २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात टेप, व्हिडिओ कॅसेट वा इलेक्ट्रॉनिक रूपातली माहिती मिळवण्याचा हक्क आहे. प्रश्न यंत्राचा नाही, ते कसे लावायचे हे कोण ठरवणार याचा आहे.

आपल्या मागण्या साध्या आहेत. एक माइक टेबलावर असेल, तर एक बिनतारी माइक बायकांच्या बाजूला, बाईच्याच हाती हवा. अ‍ॅम्प्लिफायरमधून रेकॉर्डरला थेट तार जोडावी, म्हणजे पंख्याचा गोंगाट कमी शिरेल. सभा सुरू होण्यापूर्वी मागच्या रांगेतून बोलून, ध्वनिमुद्रण सर्वांना ऐकवून तपासावे. ठराव सभा उठण्यापूर्वी मोठ्याने वाचावा. आणि ध्वनिमुद्रणाची प्रत मागेल तिला मिळावी.

‘पैसा कुठून आणायचा?’ हा आक्षेप येणारच. कमानीला पैसा निघतो, सत्काराच्या शाली-नारळाला निघतो, आणि एका माइकला निघत नाही? आणि सावध राहा : महिला व बालकल्याणाच्या दहा टक्के निधीतून हा खर्च दाखवू देऊ नका. ग्रामसभा साऱ्या गावाची आहे, तिचा माइकही साऱ्या गावाचा.

दुसरा आक्षेप मात्र आपल्याच मैत्रिणींचा आहे, आणि तो खरा आहे. दारूच्या गुत्त्याविरुद्ध बोललेल्या बाईची फीत संध्याकाळपर्यंत गुत्तेवाल्याच्या मोबाइलवर पोचली तर? म्हणून ध्वनिमुद्रण ग्रामपंचायतीच्या ताब्यातच राहावे, कुणी कधी प्रत नेली याची नोंद व्हावी आणि खाजगी मोबाइलवर सभा टिपायला बंदी असावी. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेतली पाहिजे, असे आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. त्या सभेत यंत्र चालू ठेवायचे की बंद, हे तिथल्या बायकाच ठरवतील. घरातल्या मारहाणीचे गाऱ्हाणे यंत्रासमोर सांगण्याची सक्ती कुणावरही नको. पण या भीतीपायी पाण्याची, रेशनची, रस्त्याची मागणीही नोंदीबाहेर ठेवायची का? भीतीचा बंदोबस्त करायचा असतो. तिच्यासाठी आवाज बंद करायचा नसतो.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या महिला सभेत पहिला ठराव माइकचा घ्या. तो लेखी द्या, पोच घ्या. आणि ग्रामसभेत यंत्र सुरू झाले की आधी आपले पूर्ण नाव सांगा, मग बोला. ‘बसा आता’ म्हणणाऱ्यालाही सांगा : दादा, आधी तुमचं नाव सांगा, नोंद व्हायला हवी!