उपचार पाड्यापासून सुरू व्हावेत



दिवाळीच्या दिवसांत खानदेशात कापसाची वेचणी सुरू असते आणि सरकारी दवाखान्यांत आजारी लेकरांची गर्दीही असते. डेंग्यू, मलेरिया, जुलाब पावसाळा मागे ठेवून जातो, न्यूमोनिया थंडीबरोबर येतो. म्हणून यंदाच्या अंकाचा मुख्य विषय आहे, संसर्गजन्य आजारांत मुलांना मिळणाऱ्या उपचारांचा दर्जा.

धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावातही २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खाटा, तज्ज्ञ, ऑक्सिजन हे सारे हवेच. पण चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पाड्यांवरून निघालेले मूल तिथवर पोहोचेपर्यंत अनेकदा मोलाचा वेळ गेलेला असतो. मूल वाचणार की नाही, हे पुष्कळदा त्याआधीच ठरते.

न्यूमोनियाच पाहा. खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटभर मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६०, वर्षाच्या आतल्याचा ५० आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा त्याहून जास्त भरला, तर तो धोक्याचा इशारा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच माणसांना, दायांनासुद्धा, हे शिकवले आणि औषध द्यायलाही तयार केले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्यावर आले होते.

जुलाबाचेही तसेच. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो जीव वाचवले. पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी जुलाब झालेल्या मुलाला आपण आधी सुई आणि सलाईनच मागतो. जलसंजीवनीचे (ओआरएस) पाकीट आणि १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्या मात्र मागे पडतात.

चांगला उपचार म्हणजे महागडा उपचार नव्हे. दारात आलेल्या मुलांतून सर्वांत अत्यवस्थ मूल आधी पाहणे, वजन करूनच औषधाची मात्रा ठरवणे, रात्रीतून पुन्हा तपासणे, मोठ्या रुग्णालयात पाठवताना सोबत नीट चिठ्ठी देणे आणि पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या आईला तिच्याच बोलीत धोक्याची लक्षणे समजावणे, यात दर्जा असतो. ही कामे करणाऱ्या आशाताई आणि परिचारिकांना प्रशिक्षण, साहित्य आणि वेळेवर मोबदला मिळायलाच हवा.

वाचकहो, येत्या ग्रामसभेत एवढे विचारा: आपल्या उपकेंद्रात वजनकाटा, पल्स ऑक्सिमीटर, जलसंजीवनी आणि झिंक आज आहे का? नसेल तर ते येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.



— संपादक