ओसरी आणि बारनिशी

ई-मेलचे दिवस भरले, असे भाकीत गेली पंधरा वर्षे अधूनमधून कोणी ना कोणी करीतच असते. जून २०१० मध्ये फेसबुकच्या तेव्हाच्या वरिष्ठ अधिकारी शेरिल सँडबर्ग यांनी, शाळकरी मुले ई-मेल फारसा वापरीत नाहीत, तेव्हा तो बहुधा जाणारच, अशा अर्थाचे विधान केले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात फेसबुकने आपल्या सभासदांना स्वतःच्या नावाचे ई-मेल पत्ते देऊ केले. २०११ मध्ये आतोस या फ्रेंच संगणक कंपनीच्या प्रमुखांनी, तीन वर्षांत कंपनीतला अंतर्गत ई-मेल बंद करू, असे जाहीर केले. पुढे झाले ते निराळेच. फेसबुकने आपली ई-मेल सेवा २०१४ मध्ये गुंडाळली. आपल्याकडची एक पिढी ज्यावर रमली होती ते ऑर्कुटही त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बंद पडले. ई-मेल मात्र जिथल्या तिथे आहे.

आणि तरीही, आपल्यापैकी किती जणांनी गेल्या महिन्यात बहिणीला, मामाला किंवा मित्राला ई-मेल लिहिला? माझ्या ओळखीच्या घरांत तरी असा माणूस शोधावा लागेल. साखरपुड्याची तारीख, आजारी माणसाची खबर, नातवाचे पहिले पाऊल, सारे काही व्हॉट्सॲपवरून येते. मग भाकीत खरे ठरले की खोटे?

मला वाटते, प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातो. आपल्या घरांत ई-मेलला रोजच्या बोलण्यात फारशी जागा कधी मिळालीच नव्हती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरच्या वर्षांत मुलगा अमेरिकेला गेलेले आईवडील सायबर कॅफेत जाऊन, कुणाकडून तरी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून घेऊन पत्र पाठवीत. तेवढीच काय ती घरगुती ई-मेलची हद्द. बाकी तो कचेरीचा, कॉलेजचा आणि नोकरीच्या अर्जाचा राहिला. व्हॉट्सॲपने आपल्याकडे जागा घेतली ती पोस्टकार्डाची, ट्रंक कॉलची आणि जुलै २०१३ मध्ये बंद झालेल्या तारेची. ज्या आजीला कळफलक जमत नाही ती आवाजाचा संदेश पाठवते. ई-मेलला हे कधी साधले नाही, आणि त्याबद्दल व्हॉट्सॲपचे ऋण मानायलाच हवे. २०१६ पासून तिथले संदेश वाटेत कोणाला वाचता येऊ नयेत असे कुलूपबंद जातात, ही सोयही साध्या ई-मेलमध्ये सहसा नसते.

तेव्हा गप्पांचा निकाल लागलेला आहे. चिंता आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. जुन्या घरात ओसरी असे आणि सरकारी कचेरीत बारनिशी. ओसरीवर बोलणे होई. बारनिशीत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक आणि तारीख पडे. आज आपण बारनिशीतले कागदही ओसरीवर आणून टाकू लागलो आहोत. शाळेची सूचना, साहेबाचा रात्री साडेदहाचा हुकूम, डॉक्टरांची चिठ्ठी, सोसायटीच्या सभेची नोटीस, सगळे एकाच ढिगात, सुप्रभातच्या फुलांखाली.

आमच्याच सोसायटीतली गोष्ट सांगतो. एका कुटुंबाने वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीची तक्रार दोन पावसाळे ग्रुपवर केली. अनेकांनी सहानुभूतीचे हात जोडले, तिघांनी प्लंबरचे नंबर दिले. मग कमिटी बदलली आणि नव्या सचिवांनी विचारले, तक्रार केव्हा केली होती? तोवर जुना फोन बिघडला होता आणि त्यातले संदेशही गेले होते. शेजारच्या विंगमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी अशाच गळतीबद्दल दोन ओळींचा ई-मेल पाठवला होता. त्यांना तारीख मिनिटाभरात सापडली आणि काम आधी त्यांचे झाले. यात सचिवांचा दुष्टावा नव्हता. ज्याच्याकडे कागद, त्याचे म्हणणे पुढे सरकते, एवढेच.

न्यायालयांनाही हा प्रश्न सोडवावा लागला आहे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस समोरच्याला पोचली आणि त्याने ती उघडलीही, असे त्या खुणांवरून मान्य केले. मात्र जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की, चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपने किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने देऊन भागणार नाही. ती कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच बजावली पाहिजे. अशी नोटीस चुकली तर माणसाला अटक होऊ शकते. थकबाकीची गोष्ट निराळी, स्वातंत्र्याची निराळी. निरोप जितका गंभीर, तितकी त्याची वाट पक्की हवी, हा व्यवहारी शहाणपणा या निकालांतून घेण्याजोगा आहे.

दुसरा मुद्दा मालकीचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवले, तेव्हापासून ई-मेल कोणा एकाच्या मालकीचा झालेला नाही. १९८२ मध्ये ठरलेले त्याचे मूळ नियम सर्वांना खुले आहेत. व्हॉट्सॲप २०१४ पासून फेसबुकचे, म्हणजे आजच्या मेटा कंपनीचे आहे. फरक काय पडतो, ते २०२५ च्या शरदात आपल्यासमोर घडले. ऑक्टोबरात केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला ई-मेल झोहो या भारतीय कंपनीकडे नेला. पत्ता बदलला, पण जीमेलवाल्यांशी त्यांचा पत्रव्यवहार तुटण्याचे कारण नव्हते. त्याच सुमारास झोहोचेच अरट्टई हे संदेशाचे ॲप लाखो लोकांनी उत्साहाने उतरवून घेतले. त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली ती ही, की अरट्टईवरून व्हॉट्सॲपवरच्या मावशीला निरोप जात नाही. एकट्याने घर बदलता येते. इथे सारी आळीच सोबत न्यावी लागते. म्हणून माणसे नाराज असली तरी जिथे आहेत तिथेच राहतात.

एकाच दारातून सगळ्यांनी ये-जा करण्याचा धोका ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दिसला होता. त्या दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास एकदम बंद पडले. गप्पा सहा तास थांबल्या तर बिघडत नाही. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्यासाठी मेटाशी करार केला. रांगेत न उभे राहता दाखला मिळत असेल तर कोणाला नको आहे? माझा विरोध सोयीला नाही. नागरिकाला सरकारच्या दारापर्यंत जाणारी वाट एका खासगी कंपनीच्या अंगणातून जात असेल, तर शेजारून दुसरी वाटही उघडी असली पाहिजे, इतकेच म्हणणे आहे.

युरोपाने यावर एक उपाय काढला आहे. तिथला डिजिटल बाजारपेठांचा कायदा मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांना पाळावा लागतो. त्यानुसार व्हॉट्सॲपने इतर संदेशसेवांसाठी दार उघडणे बंधनकारक आहे. एका टेलिफोन कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोलता येते, तसेच हे. भारत ही व्हॉट्सॲपची सर्वांत मोठी बाजारपेठ समजली जाते. मग ही मागणी आपण का करू नये?

तोवर घरापुरते काही करता येईल. घरातल्या प्रत्येकाचा, आजी-आजोबांचासुद्धा, एक ई-मेल पत्ता असावा आणि त्याचा पासवर्ड वहीत जपून लिहून ठेवावा. विमा, दवाखाना, भाडेकरार, शाळा, सोसायटी यांच्याशी बोलणे फोनवर झाले तरी शेवटच्या दोन ओळी तारखेसह ई-मेलने जाव्यात. ‘काल ठरल्याप्रमाणे’ या दोन शब्दांनी सुरू होणारे पत्र पुढे कोणत्या प्रसंगी उपयोगी पडेल, ते आज सांगता येत नाही. मुलांनाही हे शिकवायला हवे. वरिष्ठांना नीट पत्र लिहिता न येणारी हुशार मुले मी पाहतो. दोष त्यांचा नाही. त्यांनी कधी कोणाला पत्र लिहिताना पाहिलेलेच नाही.

समाजमाध्यमे ई-मेलची जागा घेतील का, याचे उत्तर म्हणून यंत्रांपेक्षा आपल्या सवयींवर अधिक अवलंबून आहे. गप्पांसाठी ओसरी भरलेली राहो. पण घराचे कागद कोठे ठेवायचे, हे ओसरीच्या मालकाला ठरवू देऊ नये.