विश्लेषण : पाळी थांबल्यानंतर मेंदूत काय बदलते? अल्झायमरशी त्याचा संबंध काय?

रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या संप्रेरक औषधांच्या माहितीपत्रकात गेली दोन दशके हृदयविकार, स्तनांचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबाबत चौकटीतला ठळक इशारा छापला जात होता. तो काढून टाकण्याचा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केला. त्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. पाळी आणि गर्भधारणा यांसाठी ओळखली जाणारी संप्रेरके मेंदूचे वार्धक्यही ठरवतात का? उसाच्या फडात राबणाऱ्या आणि ऐन तिशीत शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलेल्या बीडच्या महिलांसाठीही हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

महिलांमध्ये अल्झायमर अधिक का?

अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांश महिला आहेत. भारतात साठीपुढील लोकांच्या राष्ट्रव्यापी अभ्यासातून २०२३मध्ये जी आकडेवारी समोर आली, तीनुसार या वयोगटातील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर पुरुषांमध्ये ६ टक्क्यांच्या आत आहे. महिला अधिक जगतात, हे त्याचे एक कारण. जुन्या पिढीतील मुलींना शाळेपासून दूर ठेवले गेले, हे दुसरे. मात्र एवढ्याने सारी तफावत उलगडत नाही. म्हणूनच संशोधकांचे लक्ष रजोनिवृत्तीकडे वळले.

इस्ट्रोजेन मेंदूत काय करते?

इस्ट्रोजेन प्रामुख्याने बीजकोशात तयार होते, पण ते स्वीकारणारी केंद्रे मेंदूतही असतात. स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात ती मोठ्या संख्येने आढळतात. चेतापेशींनी साखर वापरून ऊर्जा मिळवणे, पेशीपेशींतील जोडण्या टिकणे आणि रक्तपुरवठा सुरळीत राहणे या कामांत इस्ट्रोजेनचा हातभार असतो. रजोनिवृत्तीच्या काळात त्याची पातळी झपाट्याने घसरते. नावे न आठवणे, झोपमोड, लक्ष न लागणे या तक्रारी याच काळात वाढतात. त्यातील बहुतेक तात्पुरत्या असतात. त्या म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात नव्हे.

पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन हळूहळू कमी होत जाते आणि मेंदू त्यातीलच काही भागाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतो. वृद्ध पुरुषाच्या रक्तातील इस्ट्रोजेन त्याच वयाच्या स्त्रीपेक्षा अनेकदा अधिक असते.

दोष केवळ इस्ट्रोजेनच्या कमतरतेचा?

तसे नाही. बीजकोश थकले की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी त्यांना चालना देण्यासाठी ‘एफएसएच’ आणि ‘एलएच’ ही संप्रेरके अधिक प्रमाणात सोडू लागते. प्रतिसाद येत नाही, म्हणून त्यांची पातळी चढीच राहते. ही चढी पातळीच मेंदूला अपायकारक ठरत असावी, असा एक मतप्रवाह आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील मोन झैदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२मध्ये ‘नेचर’मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ‘एफएसएच’ रोखल्यावर अल्झायमरसदृश बदल कमी झाले आणि उंदरांची आकलनक्षमता सुधारली. मात्र उंदरांत यशस्वी ठरलेले अल्झायमरचे अनेक उपाय माणसांत फसले आहेत, याचा विसर पडू नये.

मग संप्रेरकांची गोळी घेऊन धोका टळतो का?

नव्वदच्या दशकात अनेकांना तसेच वाटत होते. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीच्या स्मृतीविषयक भागात ६५ वर्षांवरील ४,५३२ महिलांना एकतर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली. २००३मध्ये निष्कर्ष आले ते उलटे. औषध घेणाऱ्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट होता. म्हणजे दर १० हजार महिलांमागे वर्षाला २३ अधिक रुग्ण.

आक्षेप असा, की या महिलांची पाळी थांबून किमान दशक-दीड दशक लोटले होते. प्रत्यक्षात उपचार सुरू होतात ते पन्नाशीच्या आसपास. त्या वयात औषध सुरू केलेल्या महिलांवरील ‘कीप्स’ आणि ‘एलिट’ या चाचण्यांत स्मरणशक्तीची हानी दिसली नाही, तसा लाभही दिसला नाही. म्हणून तीव्र गरमीचे झटके, झोप उडणे यांसाठी वैद्यकीय सल्ल्याने हे उपचार योग्य ठरतात. अल्झायमर टाळण्यासाठी ते घ्यावेत, असा पुरावा मात्र आजही नाही. इशारा हटला, याचा अर्थ शिफारस झाली असा होत नाही.

बीजकोश लवकर काढल्यास काय होते?

येथे पुरावा अधिक बोलका आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००७मधील अभ्यासानुसार, रजोनिवृत्तीपूर्वी बीजकोश काढलेल्या महिलांत पुढे आकलनशक्ती घटण्याचा व स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसला. शस्त्रक्रियेचे वय जितके कमी, तितका धोका अधिक. किमान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन मिळालेल्या महिलांत ही वाढ दिसली नाही. कर्करोगाची ठोस आनुवंशिक जोखीम असेल तर बीजकोश काढणे जीव वाचवणारे ठरते. भीती घालून केलेल्या शस्त्रक्रियेचे तसे समर्थन करता येत नाही.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

२०१९मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीडमधील ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. केवळ गर्भाशय काढल्यास संप्रेरके लगेच थांबत नाहीत. पण बीजकोश राखले तरी ते लवकर थकू शकतात आणि सोबत तेही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात ओढवते.

या प्रकरणाची चर्चा आजवर बुडणारी मजुरी, मुकादमाचा दंड आणि पाठदुखी यांभोवती राहिली. या महिला साठीत पोहोचतील तेव्हाची चर्चा अद्याप सुरूही झालेली नाही. बीजकोश काढले की राखले, याची स्पष्ट नोंद प्रत्येकीच्या हाती असणे, कमी वयात ते काढले असल्यास पुढील उपचारांचा सल्ला सरकारी रुग्णालयात मिळणे आणि रक्तदाब, मधुमेह, हाडांची नियमित तपासणी होणे, एवढे तर आजच्या ज्ञानावरही शक्य आहे. ‘मुले झाली, आता पिशवीचे काय काम?’ या सल्ल्याची किंमत मेंदूलाही मोजावी लागू शकते, हे सांगण्याची जबाबदारी तो सल्ला देणाऱ्यांचीच आहे.