विज्ञान घरोघरी : द्राक्षवेलीची धोक्याची घंटा

दिंडोरी तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची दोन एकर द्राक्षबाग आहे. दुकानदाराने ‘वेलीची रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे औषध’ म्हणून एक महागडी बाटली घरधन्यांच्या हाती दिली. आपा विचारतात, “झाडाला अशी शक्ती खरोखर असते का, की ही फसवणूक आहे?”

शक्ती असते, आणि खरी असते. पण ती कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय बाटलीवर पैसे घालू नयेत.

आपल्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फिरत असतात. वेलीत तसे फिरते सैनिक नाहीत. तिथे प्रत्येक पेशीला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते. त्यासाठी पेशीच्या आवरणावर पहारेकरी प्रथिने बसलेली असतात. त्यांचे एक टोक बाहेर आणि एक आत असते. भुरीच्या बुरशीच्या अंगात कायटिन नावाचा पदार्थ असतो. त्याचा बारीकसा तुकडा बाहेरच्या टोकाला लागला की आतले टोक जागे होते. या आतल्या टोकाला कायनेज म्हणतात. शेजारच्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक कण चिकटवणे, एवढेच त्याचे काम. कण चिकटला की ते प्रथिन जागे होते आणि पुढच्याला जागे करते. अशी खबर एकाकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोचते.

हे सारे काही मिनिटांत सुरू होते. मग पेशी आपली भिंत जाड करते आणि बुरशीला मारक अशी रसायने बनवते. द्राक्षातले रेस्वेराट्रॉल त्यांपैकीच एक. कधी कधी रोगाभोवतालच्या पेशी स्वतःच मरतात आणि रोगाची वाट अडवतात.

टोमॅटोच्या झाडात तर १९९३ साली शास्त्रज्ञांना असे एक रोगप्रतिकारक जनुक सापडले, की ते बनवते ते प्रथिन स्वतःच कायनेज आहे. पाणी कमी पडले तरी अशीच साखळी चालते. दुष्काळात पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटवण्याचा निरोप दुसरे एक कायनेज पोहोचवते.

मग आपल्या बागा डाऊनीने, म्हणजे केवड्याने, का बसतात? हा रोग मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या रानटी वेली पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याबरोबर वाढल्या, म्हणून त्यांतल्या अनेक त्याला वेळीच ओळखतात. आपली थॉमसन किंवा सोनाका जुन्या जगातल्या वेलीच्या कुळातली. तिची आणि या रोगाची गाठ उशिरा पडली. फ्रान्समध्ये तो १८७८ मध्ये दिसला. तिथल्या बोर्दो भागात रस्त्याकडेची द्राक्षे चोरू नयेत म्हणून बागाईतदार वेलींवर मोरचूद आणि चुना मारत. त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने हेरले आणि १८८५ मध्ये जगासमोर मांडले. आपले बोर्डो मिश्रण ते हेच. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला आणि पाने ओली राहिली, की डाऊनी पानामागच्या छिद्रांतून आत शिरतो. वेलीची घंटा वाजते, पण उशिरा आणि हळू. फुलोऱ्यात असे झाले तर घडच हातचे जातात.

आता बाटलीकडे येऊ. अशा बाटल्यांत बहुधा सॅलिसिलिक आम्ल किंवा कायटोसान असते. सॅलिसिलिक आम्ल झाड स्वतःही बनवते. धोक्याची खबर अंगभर पोहोचवण्यात त्याचा वाटा असतो. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून करतात. ते पानावर पडले की वेलीला वाटते, बुरशी आली, आणि ती घंटा वाजवते. म्हणजे हे औषध रोगाला मारण्यापेक्षा वेलीला जागे करण्याचे काम करते. यातून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, हे रोग येण्याआधी मारायचे. पानावर तेलकट पिवळे डाग आणि मागे पांढरी बुरशी दिसू लागल्यावर घंटा वाजवून रोग बरा होत नाही.

दोन, हे बोर्डो किंवा शिफारस केलेल्या बुरशीनाशकाच्या जोडीला असते, त्याऐवजी नाही.

तीन, जास्त मारले म्हणजे जास्त फायदा, असे नाही. घंटा वाजवायला ताकद लागते. वेल सतत बचावात गुंतली तर वाढ खुंटते. काम झाले की फॉस्फेटचे कण काढून घेणारी प्रथिनेही पेशीत असतात. म्हणजे घंटा थांबवण्याचीही सोय ठेवलेली आहे.

म्हणून आपा, बाटलीवर आत काय आहे आणि किती आहे ते वाचा. नुसते ‘शक्तिवर्धक’ लिहिले असेल आणि घटकांचे नाव नसेल, तर ती परत करा. शंका असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांच्या शिफारशी पाहा. सल्ल्याला पैसे पडत नाहीत. चुकीच्या वेळी केलेल्या फवारणीला पडतात, आणि ते मेहनतीच्या कमाईतले असतात.

ज्यांच्या घरी बाग नाही त्यांनीही अंगणातली वेल पाहावी. मुलांना पानाची मागची बाजू पाहायची सवय लावा. डाऊनीची पांढरी बुरशी तिथेच दिसते. तुमचे प्रश्न पाठवत राहा, पुढच्या अंकात इन्शाअल्लाह उत्तर देईन.