गुरुजी आणि प्रभारी

दरवर्षी ५ सप्टेंबर जवळ आला की मराठीच्या प्राध्यापकांना मागणी येते. तालुक्याच्या गावी आदर्श शिक्षकांचा सत्कार असतो, प्रमुख पाहुणा साहित्यातला हवा असतो आणि त्याने काय बोलायचे हेही जवळजवळ ठरलेले असते. अमळनेरचे साने गुरुजी, पु.लं.चे चितळे मास्तर आणि वेळ उरलाच तर माडगूळकरांची 'बनगरवाडी'. समोर बसलेला जिल्हा परिषदेचा शिक्षक या तिघांपुढे किती खुजा आहे, हे सूचकपणे तासभर ऐकवायचे, शाल-श्रीफळ घ्यायचे आणि परतायचे. या प्रथेत वाङ्मयाचा जो वापर होतो तो आम्हांला केवळ कंटाळवाणा नव्हे, तर अप्रामाणिक वाटतो.

'बनगरवाडी'चेच पाहा. औंध संस्थानातल्या मेंढपाळांच्या वस्तीवर आलेला हा कोवळा मास्तर एकशिक्षकी शाळा चालवतो. शिवाय लोकांची कागदपत्रे पाहतो, भांडणात मध्यस्थी करतो, गावाला हाताशी धरून तालीम उभी करतो. यावरून 'पूर्वीचा शिक्षक शाळेबाहेरही किती राबत असे' असा निष्कर्ष काढला जातो. पण ती कामे त्याच्याकडे कोण आणते? गाव आणते. कारभारी आणतो. त्या कामांतूनच गाव त्याला आपला मानू लागते आणि शाळेत मुले येऊ लागतात. आज शिक्षकाकडे येणारे काम गावातून येत नाही, ते वरून येते, बहुधा व्हॉट्सॲपवर, 'आज सायंकाळपर्यंत' अशा शेऱ्यासह. त्याने गावाशी नाते जुळत नाही, उलट वर्गाशी असलेले तुटते. कादंबरी नीट वाचली असती तर हा फरक आधी दिसला असता.

आता मुख्याध्यापकाचे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद मिळायला पट दीडशेच्या वर हवा. करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याच्या वाड्यावस्त्यांवर दीडशेचा पट कुठून आणायचा? मग दोन शिक्षकांपैकी एक 'प्रभारी' होतो. मराठी प्रशासनाने घडवलेल्या शब्दांत हा एक विलक्षण शब्द आहे. पद नाही, पण पदाची सगळी जबाबदारी आहे. तांदूळ किती आला, किती शिजला, यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, गळक्या खोलीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव, सगळे त्याच्याकडे. आणि हे करताना दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून शिकवायचे. तो माहिती भरायला बसला की त्याचे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. तो बैठकीला गेला की सगळी शाळाच एकशिक्षकी.

ही अडचण केवळ आपली नाही, म्हणून ती अटळ आहे असे सांगणारे भेटतात. त्यांच्यासाठी आयर्लंडचे उदाहरण देतो. तिथल्या निम्म्याहून अधिक प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक स्वतः पूर्ण वेळ वर्ग घेतात. तिथेही कागदांचा भार आहे, तक्रारी आहेत. परंतु या दुहेरी कामाला व्यवस्थेत नाव आहे, आणि कारभारासाठी वर्षातले ठरावीक दिवस वर्गातून मोकळीक मिळते. त्या दिवशी वर्गावर दुसरा शिक्षक येतो. आपल्याकडे दुहेरी काम आहे हेच मान्य नसल्याने मोकळीक मागायची कोणाकडे?

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येतात. पाचटाच्या खोपीत राहणारी मुले जवळच्या शाळेत आणून बसवण्याची अपेक्षा शिक्षकाकडून, आणि ती योग्यच आहे. पण त्याच व्यवस्थेने २०२२-२३ ची संचमान्यता आधार वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांवर करायचे ठरवले. म्हणजे मूल डोळ्यांसमोर बसले आहे, पाढे म्हणते आहे, पण नावातला एक काना जुळत नसेल तर ते पटात धरायचे नाही, आणि पट घसरला की शिक्षक अतिरिक्त. अशा वेळी शिक्षकाने मुलाला अक्षर शिकवावे की आधार केंद्रावर न्यावे? बहुतेकांनी दुसरे केले. त्यांना दोष देण्याचे धाडस आमच्यात नाही.

मग निघते 'अशैक्षणिक कामां'ची चर्चा. कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर कामांना मनाई केली आहे. मतदार याद्यांचे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशीच घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले. २०२४ साली राज्य शासनाने कोणते काम शैक्षणिक आणि कोणते अशैक्षणिक याची वर्गवारीही केली. भाषेच्या माणसाला या वर्गवारीचे हसू येते. तक्त्यात माहिती भरणे शैक्षणिक ठरवले म्हणून त्याला लागणारे दोन तास मुलांना परत मिळतात काय? प्रश्न कामाच्या जातीचा नाही, वेळेचा आहे. शिक्षक संघटनाही या शब्दात इतक्या अडकल्या की वेळेचा हिशेब मांडायचे राहून गेले.

यावर जोतीराव फुल्यांचा दाखला देता येईल, म्हणून तो आधीच घेतो. १८८२ च्या हंटर आयोगापुढील निवेदनात फुल्यांनी शिक्षकांचे पगार वाढवावेत असे सांगितलेच, शिवाय गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल अशी कामे त्यांच्याकडे द्यावीत असेही सुचवले. कशासाठी? गावात शिक्षकाचे वजन वाढावे आणि त्याचा लोकांवर चांगला परिणाम व्हावा म्हणून. म्हणजे काम देताना त्यांनी अधिकार दिला होता. गावचे हिशेब तपासणारा शिक्षक आणि पोर्टलवर स्वतःचेच हिशेब सतत सिद्ध करणारा प्रभारी यांत जे अंतर आहे तेच आमचे म्हणणे आहे.

शिक्षकांचे सगळे गोमटे आहे असा दावा नाही. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेऊन शाळेत उशिरा पोचणारे आहेत, प्लॉटच्या व्यवहारात रमलेलेही आहेत. पण नव्या शिक्षकाला शिक्षण सेवक म्हणून आधी तीन वर्षे मानधनावर राबवायचे, हे मानधन २००० साली प्राथमिकला तीन हजार रुपये ठेवायचे, ते सोळा हजारांवर यायला २०२३ उजाडू द्यायचे, आणि तरीही साने गुरुजींच्या त्यागाची अपेक्षा करायची, याला काय म्हणावे? गुरुजींनी त्याग स्वतः निवडला होता. शासन निर्णयाने लादलेल्या गोष्टीला त्याग म्हणत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. रकमेतला अर्धा वाटा त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना दिला. गावोगाव फलक लागले. २०२२ मध्ये परदेशी अभ्यासवृत्तीच्या रजेवरून वाद झाला, हजेरीची चौकशी झाली, राजीनाम्याच्या बातम्या आल्या. कोणाची बाजू खरी हे आम्ही येथे ठरवत नाही. पण शिक्षकाने अभ्यासासाठी काही महिने बाहेर जाणे ही व्यवस्थेच्या दृष्टीने एरवीची बाब नसून पेच आहे, एवढे त्यातून दिसले.

आणि हा प्रश्न वाङ्मयाचाही आहे. सोलापुरात घरी तेलुगू बोलणारी विडी कामगारांची मुले मराठी शाळेत येतात. अक्कलकोटकडे कन्नड घर आणि मराठी वर्ग, किंवा कन्नड माध्यमाच्या शाळेत मराठी विषय, असे मिश्रण आहे. तीन भाषांच्या सांध्यावर मूल पहिले मराठी वाक्य कसे बांधते, कुठे अडते, कोणता शब्द घरचा घालते, हे रोज ऐकणारा एकच माणूस आहे. विद्यापीठातल्या भाषाविज्ञानाच्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा त्याच्याजवळ सामग्री जास्त आहे. त्याने ती लिहिली तर आम्ही ती वाचू, वर्गात शिकवू. सध्या तो पोषण आहाराचा फोटो काढून, तारीख-वेळ उमटली आहे ना हे पाहून, गटावर पाठवतो आहे.