झाड विकणारा एक, पाणी वाहणारी दुसरी

मा. संपादक,


दरवर्षी जून उजाडला की वृत्तपत्रांत दोन बातम्या शेजारी शेजारी येतात. एक, ५ जूनच्या पर्यावरण दिनाच्या वृक्षारोपणाची. दुसरी, कुठल्या वाड्यांना अजून टँकर चालू आहे त्याची. दोन्ही वाचून सर्वांचा समज एकच होतो, की निसर्ग रुसला आहे आणि चार रोपे लावून त्याची समजूत काढायची आहे. मी देवरुखात बरीच वर्षे समाजशास्त्र शिकवले. त्या अनुभवावरून सांगतो, हा समज चुकीचा आहे आणि त्यामुळे खरा प्रश्न झाकला जातो.

संगमेश्वर तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभा दगड पाणी धरत नाही, डोंगरउतार तीव्र आहेत, समुद्र जवळ आहे. हे सगळे खरे. पण जांभा आणि उतार आमच्या आजोबांच्या काळातही होते. तेव्हा मे अखेरपर्यंत वाहणारे झरे आता मार्चमध्ये का आटतात, याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात मिळणार नाही.

एप्रिलच्या अखेरीस सह्याद्रीच्या कुशीतल्या एका धनगरवाडीवर गेलो होतो. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला दगड रचून केलेला डुरा, आत वीतभर पाणी. एक बाई आत वाकून करवंटीने पाणी काढत होती, दुसरी फडक्यातून गाळून कळशीत ओतत होती. मागे हंड्यांची रांग. एकही पुरुष तिथे नव्हता. त्यातली एक म्हणाली, “राती दोनला आलं की बरं मिळतं. तवर झऱ्याला दम घ्यायला गावतो.” डुऱ्याच्या वर पाहिले तर अख्खा उतार उघडा. ऐन-किंजळीची खोडे जमिनीलगत कापलेली, त्यांना कोवळे धुमारे फुटलेले. ते रान दोन वर्षांपूर्वी तुटले होते, असे कळले.

ते तुटले कसे, तेही ऐका. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडे, बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याच्या नावावर आली. ते न्यायाचेच झाले. पण त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत वाटण्या कागदावर झाल्याच नाहीत. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस सामाईक नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. सड्यावरचे वरकस रान कोणी कसत नाही, त्यातून कोणाला उत्पन्न नाही. गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा व्यापारी घरी येतो, डोंगर उक्ता ठरवतो, सह्या होतात आणि एकेकाच्या वाटणीला थोडे पैसे येतात. कोणाच्या घराचे छप्पर होते, कोणाचे आजारपण भागते. त्यांना दोष देऊन मी हात झटकणार नाही. उभ्या झाडाला बाजारात शून्य किंमत आणि आडव्या झाडाला रोख पैसा मिळत असेल, तर गरजू माणूस काय निवडेल?

मात्र या व्यवहारात एक पक्ष गैरहजर असतो. डुऱ्यावर वाकलेल्या त्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते. झाड विकण्याचा हक्क एकाचा आणि पाणी वाहण्याचे ओझे दुसरीचे, यालाच मी सामाजिक प्रश्न म्हणतो. धनगरवाडीची अडचण तर दुहेरी आहे: वरचा डोंगर बहुधा खालच्या गावातल्या खातेदारांचा आणि टँकर चढेल असा रस्ताही पुष्कळदा नाही.

“लोकसंख्या वाढली, मग जंगल राहणार कसे?” असे मला नेहमी विचारले जाते. आमच्या जिल्ह्यापुरते तरी हे खरे नाही. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. माणसे कमी झाली, तरी झाडे कापणाऱ्या कटरचा आवाज थांबला नाही. त्याच २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या ११२२. पुरुष मुंबईला आणि बाई गावाला, हे कोकणचे जुने चित्र त्या एका आकड्यात आहे. पूर्वी रान राखायला, बांध घालायला, वणवा विझवायला गावात हात होते. आता ते हात शहरात राबतात आणि मागे राहिलेलीच्या डोक्यावरचा हंडा मात्र जड होत गेला आहे.

माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी १९९५ साली भारतीय समाजाची एक मांडणी केली. आसपासच्या निसर्गावर थेट जगणारे, तो आधार तुटल्याने विस्थापित झालेले आणि लांबलांबची साधने ओढून घेणारे, असे तीन वर्ग त्यांनी दाखवले. आमच्याकडे हे तिन्ही वर्ग एकाच कुटुंबात सापडतात. आजी वाडीवर डुऱ्याचे पाणी पिते, मुलगा मुंबईत भाड्याच्या खोलीत राहतो आणि नातवाला लाकूड कुठून आले हे माहीत नसते, तो फक्त फर्निचर विकत घेतो. म्हणून ‘आपण’ विरुद्ध ‘ते’ अशी लढाई इथे लावता येत नाही. घरातल्या घरातच हिशेब मांडावा लागतो.

पाणी हा सामाजिक प्रश्न आहे, हे कोकणाला कोणी नव्याने शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. तळ्यात पाणी भरपूर होते. ते सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तरीही अस्पृश्यांना ते मिळत नव्हते, कारण अडचण पाण्याची नव्हतीच, माणसांमधल्या नात्याची होती. आज डुरा कोरडा पडतो तेव्हाही मी आधी हेच विचारतो: निर्णय कोणी घेतला, पैसा कोणाला मिळाला आणि खेप कोण घालते?

सरकारी उपायांत नेमका हाच प्रश्न विचारला जात नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे ध्येय ठेवले. नळ हवाच. पण उगमावरचे रान तुटले, तर नळातून वाराच येणार. दुसरीकडे, पश्चिम घाटाचा अहवाल गाडगीळ समितीने २०११ मध्ये दिला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये दिला, आणि त्यानंतर संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना निघतच राहिल्या. सहावी ३१ जुलै २०२४ ला निघाली. इतक्या वर्षांत चर्चा झाली ती ‘विकास की पर्यावरण’ अशी. डोंगर ठेवण्याचा खर्च कोणी सोसायचा, यावर ती फारशी आलीच नाही. नुसती बंदी घातली तर तो खर्च गरीब खातेदारावर पडतो. मोकळीक दिली तर वाडीवरच्या बाईवर पडतो. दोन्ही अन्याय आहेत.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येणारा तोडीचा प्रत्येक अर्ज परवानगीआधी ग्रामसभेत वाचला जावा, आणि त्याही आधी महिलांच्या ग्रामसभेत. आज अर्ज मालक आणि कार्यालय यांच्यातच फिरतो. खालच्या वाडीला कळते ते कटर चालू झाल्यावर. दुसरी, झरे-डुऱ्यांची वाडीनिहाय नोंद व्हावी, कोणत्या झऱ्याच्या वर कोणता गट नंबर येतो यासह. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, रान राखणाऱ्या खातेदारांना दरवर्षी मोबदला मिळावा. हे स्वप्नरंजन नाही. पुण्याच्या अप्लाईड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने आमच्याच तालुक्यात खासगी जंगलमालकांशी न तोडण्याचे करार करून दाखवले आहेत. एका संस्थेला जे जमले, ते शासनाला अवघड नसावे. शिवाय देवाच्या नावाने राखलेल्या देवरहाटीत फांदीही न तोडण्याची शिस्त आमच्या गावांनी कोणत्याही कायद्याआधी पाळली आहे. तेव्हा रान देवाचे होते. आता ते पाणी पिणाऱ्यांचे आहे, एवढे मानले तरी पुरे.

आपल्याकडे शेवटची एक विनंती. पुढच्या उन्हाळ्यात टँकरग्रस्त वाड्यांची यादी छापाल तेव्हा तिच्यात आणखी दोन रकाने घाला: त्या वाडीच्या झऱ्यावरचे रान कधी तुटले, आणि तिथे पाण्याच्या खेपा कोण घालते. हे दोन रकाने भरायला बातमीदाराला वाडीवर जावे लागेल आणि रात्री दोनला उठणाऱ्या बाईशी बोलावे लागेल. प्रश्न समजून घ्यायची सुरुवात तिथूनच होईल.

आपला,
एक वाचक
देवरूख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी